मंडळाचे साडेनऊ लाख: सभामंडप की सोलर पंप?

वाडीकर लालबाग
नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. 42 घरं. त्यातली 19 बारमाही उघडी, बाकीच्यांची कुलपं शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत निघतात. मुंबईचं मंडळ आजोबांच्या पिढीनं गिरण्यांच्या जमान्यात गावकीच्या खोलीत बसून काढलं. आता खोली गेली, मंडळ राहिलं. आठ वर्षांची वर्गणी आणि नमनाच्या (आमच्याकडचं लोकनाट्य) दोन प्रयोगांची तिकिटं मिळून खात्यात 9 लाख 60 हजार आहेत.

जुनी मंडळी म्हणतात, देवळाला सभामंडप बांधू. आम्ही काही जण म्हणतो, नळपाण्याच्या पंपाला सोलर बसवू. कारण असं की ग्रामपंचायतीच्या पंपाचं वीजबिल थकलं आणि गेल्या मे महिन्यात 11 दिवस कनेक्शन बंद होतं. सगळी वाडी माहेरा-सासरची माणसं येऊन भरलेली आणि बायका खालच्या विहिरीवरून हंडे वाहतायत. आम्ही चाकरमानी ओसरीवर बसून पत्ते खेळत होतो, हेही लिहितो, नाहीतर कोणीतरी लिहीलच.

एका विक्रेत्यानं कोटेशन दिलंय: 5 एचपीचा सोलर पंप, बॅटरी बँक, 12 पथदिवे. एकूण 9 लाख 25 हजार.

प्रश्न: असं कोणाच्या वाडीनं स्वतःच्या पैशानं केलंय का? ते मालकीचं कोणाच्या ठेवलं? आणि दोन वर्षांनी चालू आहे का? पुढच्या रविवारी दादरला सभा आहे.

खवचट खेकडा
शिल्लक 9 लाख 60, कोटेशन 9 लाख 25. उरलेल्या 35 हजारांत मांडव, लाऊडस्पीकर आणि फीत कापायला पाहुणे. विक्रेत्यानं पासबुक बघूनच आकडा घातलेला दिसतो.

अनुराधा दादर
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे हाच वाद आहे, फक्त सभामंडपाच्या जागी स्मशानशेड.

किलोवॅट काका
मुलुंडहून लिहितोय. 31 वर्षं वीजक्षेत्रात काढली, आता निवृत्त.

पहिलं काम, त्या कोटेशनमधली बॅटरी खोडा. पाणी चढवायला बॅटरी लागत नाही. ऊन आहे तोवर पंप चालू द्यायचा, टाकी भरायची, संध्याकाळी नळ सोडायचे. टाकी हीच तुमची बॅटरी. ती चार-पाच वर्षांनी बदलावी लागत नाही आणि कोणी रात्री उचलूनही नेत नाही.

आता 5 एचपीचं बघू. 19 घरांत बारमाही माणसं 80 धरा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 4,400 लिटर. मे महिन्यात 300 माणसं आली तरी 16,500. विहिरीपासून टाकीपर्यंतची उंची 60 मीटर धरली तर 3 एचपीचा बरा पंप कडक उन्हात तासाला 5 हजार लिटरच्या आसपास चढवेल. मे महिन्यात तसं ऊन दिवसाला पाच तास तरी मिळतं. म्हणजे 25 हजार लिटर. 5 एचपी कोणासाठी आहे, वाडीसाठी की विक्रेत्यासाठी?

3 एचपीला 3 किलोवॅटच्या आसपास पॅनेल, जागा साधारण 300 चौरस फूट, सावली नसलेली. फणसाखाली नको.

आणि महावितरणचं कनेक्शन तोडू नका. जून ते ऑगस्ट आपल्या कोकणात सूर्य रजेवर असतो. चेंजओव्हर (सोलरवरून लाईनवर जायचा स्विच) बसवा, ढगाळ दिवशी लाईनवर चालवा. शंभराचं बिल दहावर येईल, पण शून्यावर आणायचा हट्ट धरलात तर गणपतीत हंडे वाहाल.

मूळ प्रश्न मात्र तुम्ही लिहिलाच नाहीत. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का?

वाडीकर लालबाग
@काका, दंडवत. एप्रिलअखेर दीड पुरुष पाणी असतं. तासभर उपसा केला की तळ दिसतो, मग भरायला दोन-अडीच तास.

किलोवॅट काका
मग 3 एचपीही जास्त झाला. 2 एचपी बघा. सकाळी नऊपासून संध्याकाळी चारपर्यंत हळूहळू उपसत राहणं तुमच्या विहिरीला मानवेल. मोठा पंप तळ गाठतो, कोरडा फिरतो आणि जळतो. पाणी संपलं की आपोआप बंद होणारं कटआउट लिहून घ्या कोटेशनमध्ये. सोलर पाणी चढवतं, पाणी तयार करत नाही. झऱ्यांचा गाळ काढायला किती येतील तेही विचारा.

पावती क्र. 12
मला एक कळत नाही. नमनाच्या तिकिटावर "मंदिर सभामंडपाच्या मदतीसाठी" असं छापलं होतं का? छापलं असेल तर विषय संपला. लोकांनी देवळासाठी दिलेले पैसे तुम्ही पंपाला लावणार? उद्या रस्त्याला लावाल. आधुनिक विचार म्हणजे देवळाच्या पैशावर डोळा असं समीकरण झालंय हल्ली.

बाबल्या तळवडेकर
अरे, आधी पाण्याचा बगा, मगे देवळाचा. देव खंय पळान जाता?

पावती क्र. 12
@बाबल्या, देव पळत नाही, पण पैसे देणारे पळतात. एकदा विश्वास गेला की पुढच्या नमनाला खुर्च्या रिकाम्या.

फायलीतला माणूस
पावतींशी सहमत, पण भावनेमुळे नाही, कायद्यामुळे. मंडळ सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असेल तर (1950 चा कायदा) आधी घटना काढून उद्देश वाचा. बहुतेक जुन्या मंडळांच्या घटनेत "वाडीचा सर्वांगीण विकास" असं मोघम कलम असतं, त्यात पंप बसतो. पण विशिष्ट कारणासाठी जमवलेला निधी त्याच कारणाला लावावा लागतो. प्रयोगांचा हिशेब आणि वर्गणीचा हिशेब वेगळा करा. एकदा कोणी वरळीला धर्मादाय कार्यालयात अर्ज ठोकला की पंप गंजेपर्यंत तारखा पडतील.

दुसरं, पॅनेल कोणाच्या जमिनीवर? कोकणात सातबाऱ्यावर 30-35 नावं असतात, त्यातली अर्धी वारलेली आणि उरलेली बोलत नाहीत. तोंडी "बसवा की" म्हणणाऱ्याचा मुलगा दहा वर्षांनी रिसॉर्टवाल्याला घेऊन येतो. ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र करून घ्या, नाहीतर सरळ पाण्याच्या टाकीच्या आवारात बसवा.

खवचट खेकडा
सूर्य सर्वांचा, सातबारा भावकीचा.

जुन्नरी
धागाकर्त्यांनी विचारलंय की कोणी केलंय का. आमच्या जुन्नर तालुक्यात दरेवाडी म्हणून डोंगरातली वस्ती आहे. तिथे 2012 मध्ये सोलरची छोटी ग्रिड झाली, 9 किलोवॅटच्या आसपास, 40 एक घरं. भांडवल बाहेरून आलं, पण प्रत्येक घराला मीटर बसवला आणि गावानंच मंडळ करून दर महिन्याला पैसे गोळा करायला सुरुवात केली, बॅटरी बदलायची वेळ येईल म्हणून. पॅनेल बसवणं हे चार आठवड्यांचं काम. ज्यांच्याकडे गाय आहे आणि रोख नाही, अशा माणसांकडून दरमहा पैसे घेणं हे खरं काम.

तुमच्या वाडीत पंपाचं बिल थकलं ते का? पाणीपट्टी भरली जात नाही म्हणूनच ना? मग सोलर आल्यावर ती भरली जाईल असं का वाटतं?

सौर प्रेमी मुलुंड
पाणीपट्टीची गरजच काय? ऊन फुकट आहे! बिहारमधलं धरनई गाव बघा, 2014 मध्ये 100 किलोवॅटची सौरग्रिड, अख्खं गाव उजळलं. इच्छाशक्ती हवी फक्त.

जुन्नरी
@सौर प्रेमी, धरनईची पुढची गोष्टही वाचा. गावकऱ्यांनी "खरी वीज" हवी म्हणून मागणी केली. सरकारी लाईन आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या संपल्या आणि त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधली गेल्याच्या बातम्या आल्या. ऊन फुकट असतं, इन्व्हर्टर नसतो.

सौर प्रेमी मुलुंड
म्हणजे करूच नये का काही? तुमच्यासारख्यांमुळेच

सौर प्रेमी मुलुंड
माफ करा, अर्धवट गेलं. एवढंच म्हणायचं होतं की साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालीच ना. होतं, केलं की.

किलोवॅट काका
झाली, आणि छान झाली. पण तिथे घरांच्या छपरांवर सोलर आहे आणि माणसं घरात राहतात. यांच्याकडे 42 पैकी 23 घरांना कुलूप. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं म्हणून बंद घरावर पॅनेल लावणारे आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आहेत. वर्षभर महावितरणला वीज देतात आणि मे महिन्यात जाऊन पॅनेलवरचं शेवाळ खरवडतात.

शिवाय एक गैरसमज: ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईन गेली की बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसं असतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत आठवडेच्या आठवडे लाईन नव्हती. तेव्हा असल्या छपरांचा काडीचा उपयोग झाला नसता. वाडीचा पंप लाईनशिवाय चालेल असाच घ्या, हे सांगायला एवढं सगळं.

नगरी मिसळ
सहकार म्हटलं की आमच्याकडे लोक दोन्ही कान टवकारतात, एक आशेनं, एक भीतीनं. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था किती जणांना आठवते? श्रीरामपूरला कचेरी. साठच्या दशकाच्या अखेरीस निघाली. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या गावांना वाटायची. मालक म्हणजे आम्हीच, ग्राहक सभासद. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत शेअरचा कागद अजून आहे.

झालं काय? आपलीच संस्था म्हणून कोणी बिल मागायला येईना, आपलीच संस्था म्हणून आम्ही भरेना. निवडणूक आली की वसुली थांबली. वीज मंडळाची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 मध्ये परवाना संपला तेव्हा सगळं महावितरणकडे गेलं. वडील म्हणाले होते, "मालक झालो तेव्हा अंधारात होतो, गिऱ्हाईक झालो तेव्हा उजेड आला." हे अर्धसत्य आहे, पण त्यांचं.

दुसरी बाजूही सांगतो. सहकारी साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करून ग्रिडला विकतायतच की. ती शेतकऱ्यांच्या मालकीची अक्षय ऊर्जाच झाली. फक्त तिला कोणी तसं नाव दिलं नाही, कारण तिथे फोटो काढायला निळी पॅनेलं नाहीत.

गिरणगावची
विषयाला सोडून थोडं, पण लिहितेच. माझे आजोबा राजापूर तालुक्यातले, परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. गिरण्यांना वीज कुठून यायची? खोपोली, 1915. मग भिवपुरी आणि भिरा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस धरणात अडवून खाली कोकणात सोडायचा आणि तारा मुंबईला. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणात सत्याग्रह झाला, गावं बुडायची ती बुडालीच. आजोबा त्या विजेवर रात्रपाळी करायचे आणि गावी त्यांची आई चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची.

खेडेगावच्या विजेचं आपण मुंबईत बसून ठरवतोय, तेव्हा हे आठवलं. एवढंच.

अनुराधा दादर
@गिरणगावची, अंगावर काटा आला. वेगळा धागा काढा ना यावर.

खवचट खेकडा
कोणी माकडांबद्दल का बोलत नाहीये? माझ्या मामाच्या घरी सोलर हीटर होता. वांदरांनी सहा महिन्यांत त्याचा घसरगुंडीसारखा वापर केला. नळ्या फुटल्या तेव्हा गरम पाण्यानं एक भाजलं, ते सूड घ्यायला सगळा कळप घेऊन आलं.

बाबल्या तळवडेकर
ह्या खरा आसा. शेवटचा सोडून.

किलोवॅट काका
पॅनेलची काच मजबूत असते, वांदर बसल्यानं फुटत नाही. नारळ पडला तर सांगता येत नाही. वायरी मात्र ओढतात. वायर पाइपातून न्या आणि भोवती जाळी मारा, गुरांसाठीही उपयोगी.

धुळे मेल
आमच्या खानदेशात आणि तुमच्याकडे फरक आहे. आमच्याकडे सोलर म्हणजे कंपनी येते, माळरान भाड्यानं घेते. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. भाडं वाईट नाही, कोरडवाहू बाजरीत कोण सव्वा लाख कमावतो? पण शेतकरी तिथे घरमालकासारखा, प्रकल्प दुसऱ्याचा. कुंपणाच्या आत आपल्याच बांधावर जायला गेटवाल्याला विचारावं लागतं.

उलट गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी गाव आहे. तिथे 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी केली. प्रत्येकाचा सोलर पंप ग्रिडला जोडला. पाणी देऊन उरलेली वीज वीज कंपनी विकत घेते. विजेला भाव मिळतो म्हटल्यावर शेतकरी पंप उगाच चालू ठेवत नाही, पाणीही वाचतं. ही मला खरी गंमत वाटली. काकांनी मुद्दा काढलाच होता की सोलर पाणी तयार करत नाही. फुकट उन्हावर पंप दिवसभर चालू राहिला तर विहीर आधी मरते.

सौर प्रेमी मुलुंड
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचतो.

वरचं घर
मी या धाग्यावरच्याच एका मंडळाच्या वाडीतली. कुठली ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. लग्न होऊन 22 वर्षं झाली, बारमाही गावात.

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. पण एकानंही विचारलं नाही की सध्या पंप कोण चालू-बंद करतं. आमच्याकडे एक म्हातारे काका करतात. पंचायत त्यांना महिन्याला जे देते ते सांगायची लाज वाटते, तेही चार महिने मिळत नाही. ते आजारी पडले की पाणी बंद. बिल भरलेलं असलं तरी बंद. गेल्या पावसात स्टार्टरमध्ये पाल मेली, आठ दिवस पाणी नव्हतं. वायरमन देवरुखहून यायला तयार नव्हता.

तुम्ही 2 एचपी लावा नाहीतर 5. पाल मेल्यावर ती काढणार कोण ते आधी ठरवा. मी काढीन. माझं बारावी सायन्स झालंय, शिकवलं तर पॅनेल पुसणं, फ्यूज बदलणं, नोंदवही ठेवणं सगळं करीन. फुकट नाही करणार. बायका फुकट करतील असं धरूनच सगळ्या योजना होतात.

आणि पाणीपट्टी थकते ती गावातल्या 19 घरांची नाही. कुलूपवाल्यांची थकते. "आम्ही दहा दिवस वापरतो, बारा महिन्यांचे पैसे का" म्हणतात. पण त्या दहा दिवसांत शॉवर लावतात.

सभामंडपाला माझा विरोध नाही. हळदीकुंकू आम्ही तिथेच करणार आहोत.

खवचट खेकडा
मी दहा दिवसवाल्यांपैकी आहे. शॉवर आहे. गप्प बसतो.

पावती क्र. 12
वरचं घर, तुम्ही जे लिहिलंत ते सभेत कोणीतरी वाचून दाखवा. मी माझ्या मतावर आहे, पण वाचून दाखवा.

फायलीतला माणूस
पगार द्यायचा म्हणजे दरवर्षी पैसा हवा. मंडळानं सगळं भांडवलात घालू नये. दीड-दोन लाख जिल्हा बँकेत मुदत ठेव, तिचं व्याज आणि 42 घरांची पट्टी यातून मानधन आणि दुरुस्ती. खातं पाणीपुरवठा समितीचं, सही दोघांची, त्यात एक बारमाही राहणारी बाई असेल असा ठराव. मालकी ग्रामपंचायतीची, निगा समितीची, पैशावर नजर मंडळाची. गुंता वाटेल, पण एकाच्या हातात सगळं दिलं की काय होतं ते नगरी मिसळ यांनी सांगितलंच आहे.

वाडीकर लालबाग
सभा झाली. उशीर झाला लिहायला, आवाज बसला होता.

हॉल चार ते सात घेतला होता. पहिले पावणेदोन तास घटनेचा कागद कोणाकडे आहे यात गेले. सापडला, डोंबिवलीला एका माजी सचिवांच्या कपाटात, त्यांच्या सुनेनं फोटो काढून पाठवला. उद्देशात "वाडीच्या हिताची कामे" आहे. नमनाच्या तिकिटावर मात्र खरंच सभामंडप छापलेला होता. पावती साहेब, तुम्ही जिंकलात. प्रयोगांचे 3 लाख 10 हजार देवळाकडे. त्यात पाया आणि खांब होतील, पत्रे पुढच्या नमनावर.

उरलेल्या साडेसहा लाखांतून पंप. बॅटरी आणि पथदिवे बाद. काकांनी लिहिलेलं सगळं छापून वाटलं होतं. 2 लाख ठेव. नवीन कोटेशनं तीन ठिकाणांहून मागवायची, आणि त्याआधी विहिरीचा गाळ मार्चमध्ये काढायचा, श्रमदानानं. श्रमदानाला हात 30 वर आले. मार्चमध्ये किती येतात बघू.

वरचं घर यांचं पत्र आमच्या सर्वात वयस्कर सभासदांनी वाचलं. शॉवरच्या वाक्यावर हशा झाला आणि मग कोणी बोललं नाही काही वेळ. बंद घरांना दरमहा 60, उघड्यांना 100 असं ठरलं, तेही 40 मिनिटं भांडून. चार जण सभा सोडून गेले. एक परत आले, चष्मा विसरले होते.

मानधनाचा आकडा ठरलेला नाही. तो ठरल्याशिवाय कोटेशनवर सही करायची नाही असा ठराव मी मांडला, मंजूर झाला.

वरचं घर
आकडा मला विचारून ठरवा.

वाडीकर लालबाग
हो ताई. शुक्रवारी फोन करतो.

किलोवॅट काका
60 मीटर उंची मी अंदाजानं धरली होती. ती मोजल्याशिवाय कोटेशन मागवू नका, 80 निघाली तर सगळा हिशेब बदलेल. पारदर्शक नळी आणि पाणी घेऊनही मोजता येते, वेळ लागतो इतकंच.

वाडीकर लालबाग
शनिवारच्या तुतारी एक्सप्रेसनं आम्ही तिघं जातोय. एक बर्थ शिल्लक आहे. काका, येता का? संगमेश्वरला उतरल्यावर पुढची रिक्षा आमची, जेवण वरच्या घरी सांगितलंय.

किलोवॅट काका
खालचा बर्थ असेल तर येतो. नळी मी आणतो.